लाकडाच्या फळीवर ऑइल पोर्ट्रेट, मुंबईच्या हवेत

कॅनव्हास सोडून फळी कशाला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: खरवडता येतं. ताणलेल्या कॅनव्हासवर पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, जोरात दाबली की कापड मागे जातं आणि आतल्या चौकटीची कड रंगात उमटते. फळी जागची हलत नाही. फुगलेला गाल, सुजल्यासारखा दिसणारा ओठ संध्याकाळी सरळ खरवडून काढायचा आणि खाली जो पुसट चेहरा उरतो त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायचा. पोर्ट्रेटमधलं साम्य रंग लावताना जेवढं सापडतं त्याहून जास्त काढताना सापडतं, असं माझं पक्कं मत आहे. त्यामुळे पुढची सगळी खटपट दोन गोष्टींसाठी आहे. फळी सरळ राहिली पाहिजे आणि तिच्यावर सुरी बिनधास्त चालली पाहिजे.

उदाहरणाला आमच्या आई, म्हणजे सासूबाई घेते. वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, जाड भिंगांचा चष्मा, कानात मोत्यांच्या कुड्या. आम्ही काळाचौकीला दोन खोल्यांत राहतो. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उभा जन्म फर्निचरला पॉलिश केलं आणि आता घरी बसून माझ्या फळ्यांवर देखरेख करतात. खाली लाकडाबद्दल जे ठामपणे लिहिलंय ते बहुतेक त्यांचं. चित्राबद्दलचं माझं.

फळी

इजिप्तमध्ये फय्यूमला सापडलेली ममींवरची पोर्ट्रेटं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पातळ फळ्यांवर, बरीचशी मेणात कालवलेल्या रंगांनी केलेली. ती टिकली यात तिथल्या कोरड्या वाळूचा वाटा मोठा. लिओनार्दोची मोनालिसासुद्धा फळीवरच आहे, पॉप्लरच्या, ७७ बाय ५३ सेंटिमीटर. एवढी जपूनही त्या फळीने बाक धरलाय आणि वरच्या कडेपासून केसांपर्यंत एक जुनी चीर गेलीय. ती आहे त्या लूव्र संग्रहालयात हवा मोजूनमापून ठेवतात. आपल्याकडे जुलैत भिंतीला ओल आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि हवा कोरडी झाली की सोडतं. तंतूंच्या लांबीत ते फारसं हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. रंगाचा थर मात्र वाळल्यावर तेवढा लवचिक राहत नाही, म्हणून तडकतो.

मुंबईत म्हणूनच मी प्लायवूड वापरते. त्यात पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे एकाची ओढ दुसरा धरून ठेवतो. १२ मि.मी. जाडीचं मरिन प्लाय घ्या, ज्यावर ‘आयएस ७१०’ असा शिक्का असतो. ‘आयएस ३०३’ हे साधं प्लाय. त्यातलं एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) ग्रेडचं स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात त्याच्या कडा सुटतात. रे रोडला, दारूखान्याच्या बाजूला लाकडाची आणि प्लायची दुकानं आहेत. अख्खी शीट घ्यायची गरज नाही. कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात उभे करून ठेवलेले असतात, त्यातले बघून घ्यायचे. बघायचं काय, तर कड. कडेला आतल्या पापुद्र्यांत पोकळी दिसली तर तो तुकडा परत ठेवा. मग फळी डोळ्याशी आडवी धरून लांबीवर नजर टाका. पीळ असेल तर लगेच कळतो.

अण्णांचा जीव सागवानात. जुन्या दरवाजाचं, कपाटाचं सागवान ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा चोरबाजारात मिळतं आणि ते अनेक पावसाळे खाऊन बसलेलं असल्यामुळे नव्या लाकडापेक्षा शहाणं असतं, हे मान्य. पण सागात स्वतःचं तेल असतं आणि त्यावर अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, नीट धरत नाही. सागच वापरायचा असेल तर पॉलिशपेपर मारून, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून, ते उडून गेल्याबरोबर पहिला हात द्या. फळी आठ-दहा इंचांपेक्षा रुंद नको. मागून आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकू नका. लाकडाला रुंदीत हलायला जागा मिळाली नाही की ते मधेच फाटतं. आणि बारीक भोकं आणि खाली पिवळट पीठ दिसलं तर आत किडा आहे, कितीही स्वस्त मिळालं तरी घरात आणायचं नाही.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, गुळगुळीत असतं, त्यातल्या तंतूंना एक दिशा नसते, सरावाला उत्तम. फक्त त्याच्या कडांना पाणी लागलं की त्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

माप १२ बाय १६ इंच. डोकं आणि खांदे एवढंच घ्यायचं असेल तर पुरतं. चेहरा प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान काढा. हनुवटीपासून टाळूपर्यंत सात इंच आले तर छान. प्रत्यक्षापेक्षा मोठा काढलेला चेहरा घरातल्या भिंतीवर अंगावर येतो.

अस्तर

इथे जेवढा वेळ घालवाल तेवढा कमी. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. कडांची धार थोडी मारा, कारण धारेवर रंग टिकत नाही. धूळ ओलसर फडक्याने टिपा.

मग लाकूड बंद करायचं. ॲक्रिलिक जेसो, म्हणजे अस्तराचा पांढरा रंग, सरळ लाकडावर लावला तर काही दिवसांनी त्यात पिवळट-तपकिरी डाग वर येतात. लाकडातला टॅनिनसारखा अंश पाण्याबरोबर वर चढतो. म्हणून आधी ॲक्रिलिक ग्लॉस मीडियमचे (रंग नसलेलं, वाळल्यावर पारदर्शक होणारं ॲक्रिलिक) दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. अण्णांनी इथे चपडा लाख सुचवली होती, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, पॉलिशवाले वापरतात ती. ती लाकूड बंद करते खरी, पण साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पाण्याचा जेसो धरत नाही. तो वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. फळ्या माझ्या असल्यामुळे निर्णय माझा चालतो.

प्लायवूडचा वरचा पापुद्रा पुढे केसाएवढ्या रेघांत तडकू शकतो. याला जुना इलाज आहे. इटलीतले चित्रकार फळीवर सरसाने लिननचं कापड चिकटवून मग अस्तर द्यायचे. आपल्याकडे मांजरपाट आहे. धुऊन, खळ काढून, इस्त्री करून, फळीपेक्षा दोन इंच मोठा तुकडा घ्या. ॲक्रिलिक मीडियम फळीवर चोपडा, कापड पसरा, मधून कडेकडे हाताने हवा काढत न्या, वरून पुन्हा मीडियम. कडा मागे वळवून चिकटवा. मंगलदास मार्केटमध्ये मांजरपाट मीटरवर मिळतो आणि एक मीटरमध्ये भरपूर फळ्या होतात. कापडाचा पोत नको असेल तर अस्तराचे हात वाढवा, तो बुजतो.

आता जेसो. पाणी घालून ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ करा. रुंद ब्रशने एक हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा, असे पाच-सहा. दुसऱ्या हातापासून पुढे प्रत्येक वेळी ३२० किंवा ४०० नंबरचा कागद हलका फिरवा. तोंडाला रुमाल बांधा, कारण ती पांढरी धूळ बारीक असते. डब्यावर तासाभरात वाळतो असं लिहिलेलं असलं तरी आपल्या पावसाळ्यात रात्रभर ठेवा, पंख्याखाली.

मागच्या बाजूलाही हे सगळं करायचं. लोक इथेच कंटाळतात. पुढून सहा थर आणि मागून कोरं लाकूड असलं की मागची बाजू ओल पिते, पुढची पीत नाही आणि फळी वाकते. मागे जेसो वाया घालवायचा नसेल तर मीडियमचे दोन हात आणि वर कुठलाही उरलेला ॲक्रिलिक रंग चालेल. चारही कडा मात्र पुढच्यासारख्याच, कारण प्लायवूड ओल पितं ते मुख्यतः कडेतून. मागे पेन्सिलीने तारीख आणि काय काय लावलं ते लिहून ठेवा.

सरस आणि खडूचं पारंपरिक अस्तर फार सुंदर असतं, रंग त्यावर आतून उजळतो. पण दमट हवेत सरसाला बुरशी धरते आणि वास सुटतो. भिंतीचा प्रायमर, लांबी (पुट्टी), ऑइलपेंटचं अंडरकोट यातलं काहीही वापरू नका.

शेवटच्या हातानंतर किमान तीन दिवस फळीला हात लावायचा नाही. मग तिच्यावर रंगाचा पातळ थर द्या: बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) चिमूटभर अल्ट्रामरीन (निळा), भरपूर टर्पेंटाइन, ब्रशने फासून फडक्याने पुसून टाका. उरतो तो मध्यम राखाडी-तपकिरी रंग. सावळ्या आणि गव्हाळ चेहऱ्याला हा पाया हवाच. पांढऱ्याशुभ्र फळीवर आपला कुठलाही रंग काळा वाटतो, मग घाबरून पांढरा मिसळत जातो आणि चेहरा पिठूळ होतो.

उजेड आणि बैठक

उत्तरेची खिडकी आदर्श, असं पुस्तकात असतं. माझी खिडकी पूर्वेची आहे आणि समोर काचेचा टॉवर उभा राहिलाय. सकाळी ऊन आत येतं, दुपारनंतर तेच त्या काचांवरून परत येतं, उलट्या बाजूने. म्हणून मी खिडकीला पांढरा पडदा ओढते आणि साडेनऊ ते साडेअकरा एवढाच वेळ धरते. संध्याकाळी काम करायचं असेल तर बसणाऱ्या माणसावर एक दिवा आणि फळीवर दुसरा, दोन्ही एकाच जातीचे. माणसावर ३००० केल्विनचा पिवळा आणि फळीवर ६५०० चा पांढरा असेल तर सकाळी उठून बघितल्यावर चेहरा कावीळ झाल्यासारखा किंवा निळा निघतो.

उजेड एका बाजूने, थोडा वरून. नाकाची सावली गालावर पडली पाहिजे, ओठांपर्यंत पोचता कामा नये.

टीव्ही बंद. आमच्या आईंना मालिका सोडवत नाही आणि टीव्ही चालू असला की त्यांच्या चष्म्यावर आणि गालावर निळे-लाल झोत नाचतात. आम्ही तोडगा काढला: आवाज चालू, पडद्यावर चादर. त्या ऐकतात, मी काढते. वयस्क माणसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसवू नका. उठायच्या आधी खुर्चीच्या पायांभोवती आणि पायाच्या अंगठ्यापाशी खडूने खूण करा. पदराची घडी मोबाइलवर टिपून ठेवा. फोटोचा उपयोग एवढ्यापुरताच. फोटोवरून रंग बघू नका, मोबाइल सावल्या काळ्या करतो आणि उजेड पांढरा.

फळी माणसाच्या डोक्याच्या शेजारी, त्याच उंचीवर उभी करा आणि आठ-नऊ फूट मागे या. आमच्या खोलीत एवढं मागे आलं की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर असते, हातात कधी ब्रश असतो, कधी पळी. तिथून दोन्ही एका नजरेत दिसतात. पुढे जाऊन दोन फटकारे, पुन्हा मागे. बसून पोर्ट्रेट करू नये, या मतावर मी ठाम आहे.

रेखन

चारकोलने, बारीक तपशिलात न शिरता. आधी डोक्याचा कल, मग डोळ्यांची रेघ कुठे उतरते ती, मग नाकाखालची आणि ओठांची. या तिन्ही सहसा समांतर असतात आणि नवशिके त्यातली एक तरी आडवी करतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. सगळ्यांना ते वर वाटतात, कारण कपाळ आणि केस मोजलेच जात नाहीत. म्हातारपणी दात गेले की नाक ते हनुवटी हे अंतर कमी होतं, तेव्हा पुस्तकातली मापं बाजूला ठेवून ब्रशचा दांडा धरून मोजा.

हाताचा आरसा जवळ ठेवा. चित्राकडे पाठ करून आरशात बघितलं की वाकडा डोळा लगेच दिसतो. पटलं की चारकोल फडक्याने झटका आणि उरलेल्या रेघा पातळ अंबरने पक्क्या करा.

पहिला थर

बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, टर्पेंटाइनमध्ये पातळ, तेल नाही. सगळ्या सावल्या एकदम भरा: डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, हनुवटीखाली, केसांचा गडद भाग. डोळे किलकिले करून बघा. जिथे तपशील दिसेनासा होतो ते सगळं एकच सावली. मग सुती फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून उजेडाच्या जागा पुसून काढा: कपाळ, गालाचं हाड, नाकाची पाठ. फळीवर हे इतकं सहज पुसलं जातं की कॅनव्हासवर परत जावंसं वाटत नाही. अर्ध्या तासात एकरंगी चेहरा उभा राहतो.

या टप्प्याला आई ओळखू आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर पुसा आणि पुन्हा करा. रंगाने साम्य येत नाही.

अंबर लवकर वाळतो, एक-दोन दिवसांत, भर पावसात थोडा जास्त. वाळेपर्यंत रंग कालवायला घ्या.

रंग आणि ब्रश

यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड, कॅडमियम रेड, अलिझरिन (गडद, थंड लाल), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, विरिडियन (थंड हिरवा), टायटॅनियम व्हाइट. झाले. स्वीडनचा अँडर्स झोर्न म्हणे ऑकर, लाल, काळा आणि पांढरा एवढ्या चारांत पोर्ट्रेट करायचा, आणि सराव म्हणून ते करून बघण्यासारखं आहे. मातीच्या रंगांसाठी कॅमलची आर्टिस्ट ट्यूब मला पुरते. पांढरा आणि कॅडमियम चांगल्यातले घ्या. झिंक व्हाइट घेऊ नका, त्याचा थर पुढे ठिसूळ होतो. लेड व्हाइटमध्ये शिसं असतं, लहान मुलं असलेल्या घरात ते नको. आणि ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब विकत घेण्याची गरजच नाही, ती आपल्यापैकी कोणाच्याच कातडीची नाही.

बसायच्या आधी पॅलेटवर तीन ढीग करा. उजेडाचा: ऑकर, लाइट रेड, पांढरा. मधला: तोच ढीग, त्यात रॉ अंबर आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा विरिडियन. सावलीचा: बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, यात पांढरा अजिबात नाही. प्रत्येक ढीग नाइफवर उचलून माणसाच्या दिशेने एक डोळा मिटून धरा आणि जुळवा. सावळ्या चेहऱ्याची गंमत मधल्या रंगात असते. उजेड सावलीकडे वळतो तिथे एक हिरवट-राखाडी पट्टा असतो, तो सापडला की कातडी जिवंत होते. आणि चमक कातडीच्या रंगापेक्षा थंड असते, खिडकीतून आकाश येत असेल तर निळसर. तिथे ऑकर घातला की घाम तेलकट आणि चिकट दिसतो.

कपाळ किंचित पिवळट, डोळ्यांपासून नाकाच्या टोकापर्यंतचा पट्टा तांबूस, ओठांखाली राखट. पुरुषाची दाढी घोटलेली असेल तर तो भाग निळसर. हे तीन पट्टे थोडे सांभाळले तरी चेहरा मातीचा वाटत नाही.

ब्रश डुकराच्या राठ केसांचे नकोत. गुळगुळीत फळीवर ते खालचा ओला रंग ओरबाडतात आणि रेघोट्या सोडतात. मऊ सिंथेटिक फिल्बर्ट (चपटे, गोलाकार टोकाचे) घ्या, ६, ८ आणि १० नंबरचे. बारीक ब्रश शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर काढू नका.

चेहरा चढवणं आणि उतरवणं

सावल्या पातळ ठेवा, उजेड जाड. मुंबईच्या जुन्या पोर्ट्रेट परंपरेतला हा धडा आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. पेस्तनजी बोमनजी आणि ए. एक्स. त्रिंदाद हे त्या वळणाचे मोठे पोर्ट्रेटकार. मूळ ऑइल बघायला मिळालं की समोरून बघून झाल्यावर अगदी तिरकं उभं राहून बघा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपियन ऑइल चित्रं आहेत, तिथे हे करता येतं. रक्षक संशयाने बघतो, पण बघू द्या. कपाळावर रंग उठलेला आणि मानेखाली पाया जवळजवळ दिसतोय, असं सापडेल.

दुसरा नियम: प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त. ऑइलचा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खाली तेलकट आणि वर कोरडं असेल तर वरचं आधी वाळतं, खालचं नंतर हलतं आणि वरचं फाटतं. पहिल्या थरात नुसतं टर्पेंटाइन, दुसऱ्यात ट्यूबमधला रंग तसाच, तिसऱ्यात जवसाच्या तेलाचा थेंब. स्वयंपाकातलं तेल घेऊ नका. शेंगदाण्याचं वर्षानुवर्षं वाळणार नाही.

मोठ्या पट्ट्यांत रंगवा, एक पट्टा म्हणजे एक दिशा. गाल गोल करायला ब्रशने घोळत बसू नका. शेजारी शेजारी तीन अचूक पट्टे ठेवले की मागे आल्यावर गाल आपोआप वळतो.

बैठक संपली की सुरी. जिथे जिथे मन खात असेल तिथला रंग त्याच दिवशी, ओला असताना, सुरी सपाट धरून खरवडा आणि सुरी प्रत्येक वेळी कागदाला पुसा. पाया दिसेपर्यंत जायचं नाही, जाडी गेली की पुरे. जो पुसट चेहरा राहतो तो पुष्कळदा मुद्दाम रंगवलेल्यापेक्षा जास्त आईंसारखा असतो, कारण त्यातले सगळे हट्टी तपशील गेलेले असतात. एकदा तर मी खरवडलेला डावा गाल तसाच ठेवलाय. अण्णांना ते काम अर्धवट वाटतं. पुढच्या बैठकीला त्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादाचं टिपून घ्या. बसलेला, मलूल झालेला रंग पुन्हा मूळच्या गडदपणावर येतो आणि नवा रंग त्याच्याशी जुळवता येतो.

जाड वाळलेला रंग सुरीने निघत नाही. तिथे ३२० चा कागद थोड्या तेलाने ओला करून घासा. कोरडं घासू नका, रंगाची धूळ छातीत जाते.

तपशिलांबद्दल थोडं. चष्मा असेल तर आधी डोळे पूर्ण करा, मग फ्रेम, मग काचेवरची चमक. लांबचं दिसत नाही अशांच्या भिंगातून गालाची कड आत सरकलेली दिसते, वाचायच्या जाड भिंगातून बाहेर. ही सरक काढली नाही तर चष्मा चिकटवल्यासारखा दिसतो. डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं, वरच्या पापणीच्या सावलीत ते कातडीपेक्षा गडदही असू शकतं. कुंकू कपाळाच्या वळणावर बसलेलं असतं. चेहरा तीन चतुर्थांश वळलेला असेल तर ते गोल राहत नाही, लंबगोल होतं, आणि त्याची सावलीतली बाजू अलिझरिनची, उजेडातली कॅडमियमची. पांढऱ्या केसांत पांढरा रंग सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी. आईंच्या केसांना खोबरेल असतं, म्हणून तिथे राखाडी-निळा जास्त. सोन्याला सोनेरी रंग लावायचा नाही: रॉ अंबर, ऑकर आणि एका जागी फिकट पिवळा टिंब. कुड्यांतला मोती म्हणजे राखाडी गोळी, खालच्या बाजूला पदराच्या रंगाची झाक आणि वर एकच पांढरा ठिपका. हनुवटीखालच्या सावलीतही साडीचा रंग वर आलेला दिसेल, तो सोडू नका.

बसणाऱ्याचं मत मागू नका. ते न मागता येतंच. “नाक केवढं काढलंयस गं,” आई दर बैठकीला म्हणतात. नाक मोजून घेतलेलं आहे.

घर लहान असेल तर

टर्पेंटाइन गॅसच्या जवळ उघडायचं नाही. खिडकी उघडी, बाटलीचं झाकण लावलेलं. वापरलेलं टर्पेंटाइन बरणीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. मोरीत ओतू नका. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून पिशवीत कोंबून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात. ही ऐकीव भीती नाही, सुतारकामाच्या जागी अशा आगी लागतात. फडकी पाण्यात भिजवून मग टाका, किंवा गॅलरीत एकेक पसरून पूर्ण वाळवा. ब्रश आधी तेलात खळबळून पुसायचे आणि मग भांडी घासायच्या साबणाने धुवायचे, म्हणजे टर्पेंटाइन फारसं लागतच नाही.

ओलं चित्र कपाटात बंद करू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात ठेवलं की बरंचसं परत येतं, पण मुळात कशाला. भिंतीला तिरकं, तोंड भिंतीकडे, मधे हाताएवढी जागा. धूळ बसत नाही आणि पालही चालत नाही.

व्हार्निश आणि फ्रेम

पातळ रंगवलेल्या चित्राला सहा महिने, जाड रंगाला वर्ष. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून कोपऱ्यातल्या गडद जागी हलकं फिरवा. बोळ्यावर रंग आला तर थांबा. आणि तारखेने वेळ भरली तरी पावसाळ्यात व्हार्निश करू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकं धुकं धरतं. मी जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी दुपार धरते. चित्र आणि बाटली दोन्ही खोलीत तासभर ठेवते, पंखा बंद करते, आणि एकाच दिशेने एकच पातळ हात देते.

फ्रेमवाल्याला आधीच सांगा की फळी चौकटीत घट्ट बसवायची नाही. चारही बाजूंना दोन-तीन मि.मी. मोकळे हवेत आणि मागून खिळे न ठोकता वाकवता येणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या लावायच्या. ते “मॅडम, हलेल ना” म्हणतात. हलू दे म्हणावं. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा खेळतो. बाहेरची, पाऊस झेलणारी भिंत तर टाळाच. आमच्याकडे ओल न येणारी एकच भिंत आहे आणि तिच्यावर टीव्ही आहे, तेव्हा आई सध्या कपाटाच्या बाजूला टांगलेल्या आहेत.